पिंगळा, रानपिंगळा आणि जंगली पिंगळा

मराठीत ‘रान’, ‘वन’ आणि ‘जंगल’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी चालून जातात. साहित्यात त्याने फारसे बिघडत नाही. पक्ष्यांच्या नोंदवहीत मात्र बिघडते. रानपिंगळा आणि जंगली पिंगळा हे दोन निराळे पक्षी आहेत. पहिल्याला काही जण वनपिंगळा म्हणतात, तर दुसऱ्यालाही कोठे कोठे रानपिंगळा म्हटलेले आढळते. या दोघांखेरीज पहाटे दारी येणाऱ्या पिंगळा जोशाला ज्याने नाव दिले, तो आपला गावातला साधा पिंगळा आहेच.

या घोळात मीही सापडलो आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसह बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनारकडच्या सागवानात गेलो होतो. भर सकाळी एका फांदीवर लहानसे घुबड दिसले. ‘दिवसा दिसतो म्हणजे रानपिंगळाच’ असे सांगून मी नोंद करवली. संध्याकाळी एका विद्यार्थिनीने छायाचित्र मोठे करून विचारले, “सर, डोक्यावर या बारीक रेघा कशा?” तो जंगली पिंगळा होता. तोही दिवसा दिसतो. मी नोंद खोडली आणि पुढल्या तासाला चूक सर्वांसमोर सांगितली.

तेव्हापासून मी आधी डोके पाहायला शिकवतो. डोक्यावर पांढरे ठिपके असतील तर तो साधा पिंगळा. जुन्या वडा-चिंचेच्या ढोलीत, पडक्या भिंतीत तो जोडीने राहतो आणि कर्कश कलकलाट करतो. डोके, पाठ, छाती सर्वत्र बारीक आडव्या रेघा असतील तर तो जंगली पिंगळा. डोके व पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, एकरंगी तपकिरी असेल तर तो रानपिंगळा असण्याचा संभव आहे. मग छाती पाहावी. ती गडद तपकिरी, कुशींवर ठळक आडवे पट्टे, पोटाचा मध्य मात्र स्वच्छ पांढरा. डोके व चोच अंगाच्या मानाने मोठी, पायांवर दाट पांढरी पिसे आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. तो विरळ सागवानात, बऱ्याचदा निष्पर्ण झाडाच्या शेंड्याजवळ बसतो. शेपटी डावी-उजवीकडे झटकण्याची त्याला सवय आहे.

हे बारकावे किती मोलाचे आहेत, ते या पक्ष्याचा इतिहासच सांगतो. 1872 साली ब्ल्यूइटने आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात पहिला नमुना मिळवला. पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन करून पक्ष्याला ब्ल्यूइटचेच नाव दिले. खानदेशात डेव्हिडसनने 1884 साली मिळवलेल्या नमुन्यानंतर खात्रीची नोंदच नव्हती. मध्यंतरी रानपिंगळ्याचे म्हणून छापलेले छायाचित्र साध्या पिंगळ्याचे निघाले. गुजरातेतील मांडवी येथे 1914 साली मिळाल्याचे सांगितलेला नमुना तर खोट्या चिठ्ठीचा ठरला. माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातून लांबवलेला तो जुनाच पक्षी होता.

पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातडी तपासून ही खोटी नोंद बाजूला केली आणि जुन्या खऱ्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. त्या आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्याला तेव्हा 113 वर्षे झाली होती. पुढील शोधांत तो मेळघाटात आढळला आणि आमच्या खकनारातही.

आज हा पक्षी जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जातो. चुकीच्या नावाने केलेली नोंद, जिथे तो नाही तिथे त्याला दाखवते. आणि जिथे तो आहे तिथल्या सागवानावर कुऱ्हाड पडली तरी कोणाला खबर नसते. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना एकच नियम आहे : वहीत आधी डोके, छाती, पोट आणि झाड लिहायचे. नाव शेवटी. खात्री नसेल तर नुसते ‘पिंगळा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवायचे. त्या नोंदीचे पान मी अजून जपले आहे. खोडलेले ‘रान’ त्यावर स्पष्ट वाचता येते.