मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण आणि शाळेतील प्रत्यक्ष व्यवहार

शालेय शिक्षणावरील खर्चाचा विचार करताना इमारती, शिक्षकसंख्या व पाठ्यपुस्तके यांचा हिशेब मांडला जातो. व्यवस्थापनाचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः उपलब्ध साधनांमधून मुलांचे शिकणे घडवून आणण्याची जबाबदारी मुख्याध्यापकावर असते. ही गोष्ट धोरणकर्त्यांनी उशिरा का होईना, मान्य केली. २०१२ मध्ये राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र स्थापन करण्यात आले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमात सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळाप्रमुखांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे.

प्रशिक्षणानंतर शाळेत परतलेला मुख्याध्यापक वेगळे काय करतो, हा खरा प्रश्न आहे. या संदर्भात मध्य प्रदेशचा अनुभव बोलका आहे. तेथे यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,७७४ शाळांमध्ये सर्वंकष मूल्यमापन, श्रेणी आणि प्रत्येक शाळेसाठी स्वतंत्र सुधारणा आराखडा अशी योजना राबविण्यात आली. हे केवळ प्रशिक्षण नव्हते, तर व्यवस्थापन सुधारण्याचा व्यापक प्रयत्न होता. कार्तिक मुरलीधरन व अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. मूल्यमापन जवळजवळ सर्वत्र पूर्ण झाले होते आणि श्रेणीही विश्वसनीय होत्या. तथापि शाळेच्या कामकाजावर वा मुलांच्या संपादणुकीवर कोणताही परिणाम आढळला नाही. तरीही योजना यशस्वी मानली गेली व देशभरातील सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत तिचा विस्तार झाला!

असे का व्हावे? उत्तरदायित्व व प्रोत्साहने पूर्वीप्रमाणेच राहिली, हे त्याचे प्रमुख कारण होय. वरिष्ठ कार्यालय माहितीचे तक्ते वेळेवर मागते. वर्गातील अध्यापनाबाबत विचारणा करीत नाही. साहजिकच सुधारणा आराखडाही आणखी एक तक्ता ठरतो. यात मुख्याध्यापकाची अनास्था शोधणे अन्यायाचे होईल, कारण ज्या कामाचा जाब विचारला जातो त्यालाच तो वेळ देतो.

याचा अर्थ प्रशिक्षण निष्फळ असते, असा नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात मुख्याध्यापकांना दोन वर्षांत सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण देण्यात आले. पाठनियोजन, चाचण्यांच्या निकालांचा अध्यापनासाठी वापर आणि पाठनिरीक्षणानंतर शिक्षकास मार्गदर्शन, असे त्याचे स्वरूप नेमके होते. रोलंड फ्रायर यांच्या अभ्यासानुसार पहिल्या वर्षी मुलांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली. दुसऱ्या वर्षी ती टिकली नाही. जे मुख्याध्यापक त्याच शाळेत राहण्याची शक्यता अधिक होती, त्यांच्याच शाळांत लाभ प्रामुख्याने दिसला. आपल्या बदली धोरणांचा विचार या दृष्टीने अद्याप पुरेसा झालेला नाही.

शिवाय देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे शाळाप्रमुख हाच एकमेव शिक्षक असल्याने तो पाठनिरीक्षण कोणाचे करणार? अशा शिक्षकाला प्रशिक्षणासाठी बोलावल्यास त्या दिवशी शाळेत शिकविणारे कोणीही उरत नाही.