अमेरिकेंतील बालवीर संस्था आणि दिवाळखोरीचा कायदा

इ. स. २०२० च्या फेब्रुवारी महिन्याच्या १८ तारखेस अमेरिकेंतील डेलावेअर राज्याच्या विल्मिंग्टन शहरीं, दिवाळखोरीच्या न्यायालयांत एक अर्ज दाखल झाला. अर्जदार कोणी बुडीत पेढी नव्हती, कीं तोट्यांत गेलेली गिरणी नव्हती. ती होती 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही एकशें दहा वर्षें वयाची, लक्षावधि मुलांची संस्था. 'स्काउट' या शब्दास मराठींत 'बालवीर' हा सुरेख प्रतिशब्द रूढ आहे. दोरीच्या गांठी मारणारा, तंबूंत राहणारा, म्हातारीचा हात धरून तिला रस्ता ओलांडून देणारा बालवीर आणि दिवाळें या दोन गोष्टी एका वाक्यांत बसविणें कोणासहि चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या कारणांनीं हा प्रसंग ओढवला, तीं एकट्या अमेरिकेपुरतीं नाहींत. जेथें जेथें आईबाप आपलीं मुलें परक्या माणसाच्या हातीं विश्वासानें सोंपवितात, तेथें तेथें तीं विचारांत घेण्यासारखीं आहेत.

या चळवळीचा उगम इंग्लंडांत झाला. जनरल बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांचें शिबिर भरविलें. त्यांत श्रीमंतांचीं मुलें होतीं, तशींच कामकऱ्यांचींहि होतीं. पुढच्याच वर्षीं त्यांचें पुस्तक निघालें आणि पाहतां पाहतां ही कल्पना जगभर पसरली. अमेरिकेंत ती शिकागोचे एक प्रकाशक विल्यम बॉइस यांनीं नेली. लंडनच्या धुक्यांत ते वाट चुकले असतां एका मुलानें त्यांना इष्ट स्थळीं पोहोंचविलें, आणि बक्षीस पुढें करतांच, बालवीर उपकाराचें मोल घेत नाहीं असें सांगून तें नाकारलें, अशी आख्यायिका आहे. अशा कथांना सांगणाराच्या पदरचें तिखटमीठ लागतेंच. पण ८ फेब्रुवारी १९१० रोजीं संस्था नोंदली गेली ही गोष्ट निश्चित आहे. १९१६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें तिला खास सनद दिली. हा मान फार थोड्या संस्थांच्या वांट्यास येतो. बालवीराच्या अंगीं असावे असे बारा गुण तिनें नियमांत घालून दिले. त्यांतील पहिला गुण 'विश्वासपात्र'. एकवीस गुणचिन्हें मिळवून आणि एखादें लोकोपयोगी काम पार पाडून मिळणारी 'ईगल' ही तिची सर्वोच्च पदवी. चंद्रावर पहिलें पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आणि राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड हे दोघेहि ईगल होते.

संस्थेची घडण येथें समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सारा कज्जा तिच्याभोंवतींच फिरला. टेक्सासमधील आयर्व्हिंग येथें मध्यवर्ती कचेरी. तिच्याखालीं सुमारें अडीचशें स्थानिक मंडळें. आणि प्रत्यक्ष पथकें चालविणारीं चर्चें, शाळा, नागरिकांच्या सभा. हीं मंडळें कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र आहेत. त्यांच्या जमिनी, त्यांचीं शिबिरें, त्यांच्या ठेवी त्यांच्या स्वतःच्या नांवावर. मुलाला मात्र यांतील कांहींच दिसत नाहीं. त्याला दिसतो तो आपला स्काउटमास्तर.

आणि दुखणें होतें तें तेथेंच. जवळजवळ एक शतकभर मध्यवर्ती कचेरींत एक गुप्त दप्तर ठेवलें जात असे. ज्यांना मुलांजवळ फिरकूं देतां कामा नये अशा 'अपात्र स्वयंसेवकां'चें तें दप्तर. मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप आलेल्या माणसांचीं नांवें त्यांत भरलेलीं असत. मूळ हेतु वाईट नव्हता. एका गांवांतून हांकललेला मनुष्य दुसऱ्या गांवीं जाऊन पुन्हां पथकनायक होऊं नये, एवढाच तो होता. परंतु दप्तर गुप्त म्हणजे पोलिसांपासूनहि गुप्त आणि आईबापांपासूनहि गुप्त. कित्येकांना भलतेंच सभ्य कारण लिहून राजीनामा देण्याची मुभा मिळाली; कांहींना पुन्हां घेतलेंहि गेलें. गांवांतील प्रतिष्ठित मंडळी, क्वचित् सरकारी अंमलदारहि, संस्थेच्या नांवाला बट्टा लागूं नये म्हणून प्रकरण मिटविण्यास हातभार लावीत. ज्या मुलावर प्रसंग गुदरला, त्याचें पुढें काय झालें याची नोंद बहुधा कोणीं ठेवलीच नाहीं.

२०१० सालीं ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड शहरीं एका दाव्यांत ज्यूरीनें संस्थेला १ कोटी ८५ लाख डॉलरांचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. त्या दाव्यांत पुरावा म्हणून आलेलें दप्तर राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाच्या आज्ञेनें ऑक्टोबर २०१२ मध्यें लोकांसमोर आलें. १९६५ ते १९८५ या वीस वर्षांतील बाराशेंहून अधिक माणसांचीं प्रकरणें, सुमारें वीस हजार पृष्ठें! कागद जपून ठेवणाऱ्या संस्थेला तिच्याच कागदांनीं दोषी ठरविलें. जी संस्था कागदच ठेवीत नाहीं, ती अशा वेळीं सहीसलामत सुटते, हा न्यायव्यवहारांतील एक विपर्यासच म्हटला पाहिजे. संस्थेनें सुधारणा केल्या नाहींत असें नाहीं. कोणत्याहि मुलाबरोबर एकटा प्रौढ मनुष्य असूं नये, निदान दोघे असावेत, हा नियम १९८० च्या दशकांतच आला. पुढें स्वयंसेवकांच्या पूर्वचरित्राची सक्तीची चौकशीहि आली. पण आधींचें देणें तसेंच राहिलें होतें.

तें देणें इतक्या उशिरां वसुलीस कां आलें, याचें उत्तर मुदतीच्या कायद्यांत आहे. ठराविक वर्षांच्या आंत दावा लावला नाहीं तर तो बाद होतो, हें तत्त्व देण्याघेण्याच्या व्यवहारांत योग्यच आहे. परंतु दहा-बारा वर्षांचा मुलगा, ज्याच्यावर गांवानें विश्वास टाकला अशा माणसाविरुद्ध तोंड उघडणार कसा? अशीं माणसें पुष्कळदां चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर बोलूं लागतात. तोंवर मुदत संपलेली असते. २०१९ सालीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून, जुने बाद झालेले दावेहि कांहीं काळापुरते पुन्हां दाखल करण्यास दार उघडून दिलें. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया यांनींहि तीच वाट धरली. तुंबलेलें पाणी एकदम सुटावें तसें झालें.

याच सुमारास संस्थेचा दुसरा पायहि डळमळला होता. १९७० च्या दशकाच्या आरंभीं तिच्यांत चाळीस लाखांवर मुलें होतीं; २०१९ मध्यें तिच्या दोन मुख्य शाखांत १९ लाख ७० हजार उरलीं. प्रवेश कोणाला द्यावा यावरून तिनें जे वाद ओढवून घेतले, त्यांत दोन्ही बाजूंचे लोक दुखावले. समलिंगी वृत्तीच्या नायकास वगळण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं मान्य केला. खटला जिंकला, पण अनेक दाते गेले. मग २०१३ मध्यें मुलांवरील व २०१५ मध्यें नायकांवरील बंदी उठविली, तेव्हां जुने आश्रयदाते नाराज झाले. २०१८-१९ मध्यें मुलींना प्रवेश दिला, तर १९१२ पासून चालत आलेल्या 'गर्ल स्काउट्स' या वेगळ्या संस्थेनें नांवाच्या वापरावरून दावा लावला. तो २०२२ सालीं फेटाळला गेला. सर्वांत मोठा घाव मॉर्मन पंथाचा. १९१३ पासून तो पंथ बालवीरांचा मोठा आधार होता. २०१९ च्या अखेरीस त्यानें संबंध सोडला आणि चार लाखांहून अधिक मुलें एका दमांत गेलीं. संस्थेनें वार्षिक वर्गणी ३३ डॉलरांवरून ६० डॉलरांवर नेली, आणि न्यू मेक्सिको राज्यांतील फिलमाँट ही आपली सुमारें १ लाख ४० हजार एकरांची डोंगराळ जागा कर्जापोटीं तारण ठेवली. ही जागा वेट फिलिप्स नांवाच्या तेलाच्या एका व्यापाऱ्यानें मुलांच्या भ्रमंतीसाठीं दान दिलेली होती. दानाची जमीन सावकाराकडे गहाण पडली, म्हणजे घरची स्थिति काय असेल तें उघड आहे.

आतां दिवाळखोरीच्या अर्जाकडे वळूं. आपल्याकडे 'दिवाळें' म्हणजे दुकानाला कुलूप, असा समज आहे. अमेरिकन कायद्याच्या अकराव्या प्रकरणाचा हेतु तसा नाहीं. ऋणको धंदा चालूच ठेवतो. मात्र अर्ज दाखल होतांच त्याच्यावरील सर्व दावे जागच्या जागीं थांबतात, धनकोंना एका ठराविक तारखेपर्यंत आपलें मागणें कळवावें लागतें, मग फेडीची योजना तयार होते, तिच्यावर धनकोंचें मत घेतलें जातें आणि शेवटीं न्यायाधीश तिला मंजुरी देतात. अर्जाच्या वेळीं संस्थेवर सुमारें पावणेतीनशें दावे चालू होते. मागणें कळविण्याची शेवटची तारीख १६ नोव्हेंबर २०२० ठरली; त्या दिवसापर्यंत ८२ हजारांवर माणसें पुढें आलीं होतीं. वकिलांनीं दूरचित्रवाणीवर जाहिराती करून अशील गोळा केले हें खरें, आणि प्रत्येक मागणें कसास उतरेलच असेंहि नाहीं. तथापि यांतला निम्मा आंकडा खरा धरला, तरी अंगावर कांटा उभा राहतो.

अडीच वर्षें घासाघीस चालली. न्यायाधीश लॉरी सेल्बर सिल्व्हरस्टीन यांनीं ८ सप्टेंबर २०२२ रोजीं योजना मंजूर केली आणि १९ एप्रिल २०२३ पासून ती अमलांत आली. तींत पीडितांसाठीं सुमारें २४६ कोटी डॉलरांचा निधि उभारण्याचें ठरलें. त्यांतला मोठा वांटा विमा कंपन्यांचा: एकीनें ८० कोटी, दुसरीनें ७८ कोटी ७० लाख. स्थानिक मंडळांनीं मिळून ५० कोटींवर घातले. मत देणाऱ्या पीडितांपैकीं शेंकडा ८५ हून अधिक लोकांनीं संमति दिली. मग वाद कसला राहिला? वाद असा कीं, दिवाळखोरीचा अर्ज केला होता एकट्या मध्यवर्ती संस्थेनें. आणि योजनेनें मात्र स्थानिक मंडळें, पथकें चालविणारीं चर्चें व विमा कंपन्या या सर्वांनाच पुढील दाव्यांतून मुक्त केलें. ज्यानें दिवाळें काढलें नाहीं, त्याला दिवाळखोराचें संरक्षण कां, असा १४४ पीडितांचा व कांहीं विमा कंपन्यांचा आक्षेप होता. तो पोकळ नव्हता. जून २०२४ मध्यें पर्ड्यू या औषध कंपनीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, पीडितांच्या संमतीवांचून तिऱ्हाइतास असें अभय देतां येत नाहीं, असाच निर्णय दिला.

तरीहि बालवीरांची योजना तरली. मे २०२५ मध्यें फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयानें तिला हात लावण्याचें नाकारलें. कारण मोठें मासलेवाईक आहे. विमा कंपन्यांनीं पैसे भरले ते आपल्याच पॉलिसी परत विकत घेण्याच्या रूपानें. आणि न्यायालयाच्या परवानगीनें सचोटीनें झालेली विक्री अपिलांत उलटवितां येत नाहीं, असें दिवाळखोरीच्या कायद्यांत स्पष्ट कलम आहे. कोर्टाच्या लिलावांत प्रामाणिकपणें घर घेणाऱ्यास मागाहून बाहेर काढूं नये, त्यांतलाच हा प्रकार. तत्त्वाचा प्रश्न बाजूला राहिला आणि खरेदी-विक्रीच्या नियमानें निकाल झाला.

पीडितांच्या हातीं काय पडलें? ज्यास चौकशीचा ताप नको त्यानें साडेतीन हजार डॉलर घेऊन मोकळें व्हावें. इतरांनीं आपलें प्रकरण निधीच्या विश्वस्तांपुढें मांडावें. अत्यंत गंभीर प्रकरणाची किंमत जास्तींत जास्त २७ लाख डॉलरांपर्यंत ठरूं शकते. परंतु ठरलेली किंमत आणि मिळणारी रक्कम यांत फार अंतर. प्रारंभीं निधीनें शेंकडा दीड इतकेंच वांटप केलें. म्हणजे सहा लाख ठरलेल्या माणसास नऊ हजार. पुढील रक्कम उरलेल्या विमा कंपन्यांकडून काय सुटेल त्यावर अवलंबून. शिवाय ज्या राज्यांत मुदतीचा कायदा कडक, तेथल्या माणसास त्याच अत्याचाराबद्दल कमी किंमत. नदीच्या या तीरावरचें बालपण स्वस्त आणि त्या तीरावरचें महाग, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरीकडे, आजच्या मुलांनाहि किंमत मोजावी लागत आहे. आपापला वांटा भरण्यासाठीं कित्येक मंडळांनीं जुन्या शिबिरांच्या जागा विकल्या. ज्या तळ्यांत आजा पोहायला शिकला, तेथें नातू जाऊं शकत नाहीं. अपराध केला त्यांतले बहुतेक मरून गेले किंवा म्हातारे झाले. दंड भरतो तो शाळकरी पोर. हें अन्यायाचें दिसतें खरें. परंतु ज्या काळांत त्या जागा, ते पैसे, तें नांव जमलें, त्याच काळांत दुसरीं मुलें गप्प बसविलीं गेलीं होतीं. वारसा घ्यायचा तर कर्जासकट घ्यावा लागतो, हें आपल्याकडच्या कोणत्याहि कुटुंबास सांगावें लागत नाहीं.

महामारीच्या वर्षांनीं संख्येस आणखी ओहोटी लागली: २०२१ मध्यें त्याच दोन शाखांत ७ लाख ६२ हजार मुलें उरलीं. संस्था मात्र बुडाली नाहीं. फिलमाँट तिच्याकडे राहिलें. मुलींची पहिली मोठी तुकडी, जवळजवळ एक हजार, २०२१ च्या फेब्रुवारींत 'ईगल' झाली. मे २०२४ मध्यें संस्थेनें नांव बदलण्याचें जाहीर केलें आणि ८ फेब्रुवारी २०२५ रोजीं, आपल्या एकशें पंधराव्या वाढदिवशीं, ती 'स्काउटिंग अमेरिका' झाली. नांवांतून 'मुलगा' गेला तो मुली आल्या म्हणून. पण जुन्या नांवाबरोबर जुनी आठवणहि मागें पडावी ही इच्छा त्यांत मुळींच नसेल, असें म्हणवत नाहीं.

निधींत घातलेल्या मालमत्तेंत चित्रांचा एक संग्रह होता. नॉर्मन रॉकवेल हे अमेरिकेचे लोकप्रिय चित्रकार. ऐन विशींच्या आंत ते बालवीरांच्या मासिकांत कामाला लागले आणि पुढें सुमारें पन्नास वर्षें, बहुतेक दरसाल, त्यांनीं बालवीरांच्या दिनदर्शिकेसाठीं एक चित्र काढलें. गुडघे टेकून जखम बांधणारा मुलगा, खांद्यावर हात ठेवून उभा असलेला स्काउटमास्तर, अशीं तीं चित्रें हजारों घरांच्या भिंतींवर लागत. नोव्हेंबर २०२४ पासून त्या मूळ चित्रांचा लिलाव सुरू झाला, आणि येणारा पैसा पीडितांच्या निधींत जाऊं लागला.