आभासी पाकिटाची किल्ली आणि मराठी लेखन

बिटकॉइन हे चलन २००९ मध्ये अस्तित्वात आले. त्याच्या ‘पाकिटा’ला पाकीट म्हणणे वस्तुतः दिशाभूल करणारे आहे, कारण त्यात नाणी नसून ती खर्च करण्याचा अधिकार देणाऱ्या गुप्त किल्ल्या असतात. नाण्यांची नोंद असंख्य संगणकांवरील सार्वजनिक खातेवहीत राहते. यास्तव मूळ संगणक निकामी झाला, तरी पाकिटाच्या फाइलीची जपून ठेवलेली प्रत हाती असल्यास धन परत मिळू शकते. सप्टेंबर २०११ मध्ये ही फाइल परवलीच्या शब्दाने कुलूपबंद करण्याची सोय झाली आणि प्रत सापडणे व धन मिळणे या दोन गोष्टी भिन्न ठरल्या. हा शब्द मराठी असेल, तर प्रश्न केवळ स्मरणाचा राहत नाही. तो लेखनविचाराचाही होतो.

आज्ञावली परवलीच्या शब्दाचा अर्थ पाहत नाही, त्याचे दृश्य रूपही पाहत नाही. ती पाहते केवळ संकेतांकांची माळ. त्या माळेवर सहस्रावधी वेळा गणिती प्रक्रिया करून कुलपाची किल्ली सिद्ध होते. माळेतील एक अंक बदलला, तरी निष्पन्न होणारी किल्ली सर्वस्वी निराळी असते.

मराठीत ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हा भेद अर्थभेदक आहे, हे भाषाभ्यासकांस सांगावयास नको. यांपैकी दुसऱ्या शब्दातील ‘ऱ्’ युनिकोड या संकेतप्रणालीत तीन प्रकारे साठवता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ला हलंत जोडून, ‘र’, नुक्ता व हलंत अशा क्रमाने, अथवा ‘र’, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने. पहिली माळ सहा बाइटांची, उरलेल्या दोन्ही नऊ बाइटांच्या. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखलेल्या ‘मंगल’सारख्या टंकाचे कार्यच असे, की निरनिराळ्या माळांतून वाचकास ओळखीचे एकच अक्षर दिसावे. वाचकाची ही सोय कुलपापुढे मात्र अडचण ठरते. ‘ॲ’चीही स्थिती तशीच. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून काम भागवीत, आणि ती रीत पुढेही चालू राहिली.

पहिल्या दोन माळांचे एकरूपीकरण करण्याचा नियम युनिकोडात आहे. पण जुन्या पाकिटाची आज्ञावली तो लावीत नाही. तिसरी माळ तर त्या नियमाच्या कक्षेतच येत नाही.

याखेरीज कळफलकाचा प्रश्न उरतो. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर केवळ ठिपके उमटतात. समजा, एखाद्याने इन्स्क्रिप्ट पद्धतीने ‘मुलुंड’ टंकले. परंतु कळफलक रोमन लिपीवरच राहिला होता. मग प्रत्यक्षात सी, जी, एन, जी, एक्स आणि चौकटी कंस अशी सहा चिन्हे नोंदली गेली. त्या मनुष्याची स्मृती निर्दोष आहे. तरीही आज योग्य लिपीत टंकलेला ‘मुलुंड’ कुलूप उघडणार नाही.

तेव्हा येथे करावयाचे काम पाठचिकित्सेच्या जातीचे आहे. कर्त्याच्या मनात काय होते याहून त्याच्या हातून काय उमटले, याचा शोध घ्यावयाचा असतो. त्या वर्षीचा संगणक, कळफलक व लेखनसाधन निश्चित केल्यास संभाव्य पाठांची यादी आटोक्यात येते. शब्दसमूहात एक ‘ऱ्’, एक ‘ॲ’ आणि मराठी अथवा रोमन अंकांत लिहिलेले एखादे वर्ष असेल, तर तीन, दोन व दोन यांच्या गुणाकाराने बाराच पाठ होतात. सॅन फ्रान्सिस्को येथील स्टीफन टॉमस यांच्या ७,००२ बिटकॉइनांची किल्ली ज्या उपकरणात होती, ते दहाच प्रयत्नांची मुभा देणारे होते. पाकिटाच्या फाइलीस असे बंधन नाही. मात्र शब्दाचा कोणताच धागा स्मरत नसेल, तर हा मार्ग खुंटतो.

तीन पथ्ये आवश्यक आहेत. मूळ फाइलीस हात न लावता तिच्या प्रतीवरच प्रयोग करावेत. परक्याचे साहाय्य घ्यावयाचे झाल्यास संपूर्ण फाइल देऊ नये. शब्द पडताळण्यास कुलूपबंद मुख्य किल्लीचा उतारा पुरतो आणि केवळ त्यावरून नाणी खर्च करता येत नाहीत. तिसरे, प्रत केव्हाची आहे हे पाहावे. २०१६ पूर्वीच्या पाकिटात साधारणतः शंभर किल्ल्या आगाऊ तयार असत. त्या संपल्यावर निर्माण झालेल्या किल्ल्या जुन्या प्रतीत सापडत नाहीत. मग शब्द अचूक आठवला, तरी त्या किल्ल्यांवरील धन हाती येत नाही.