पद्मिनी घ्यायची म्हणता?

‘एकाच हातातली, डॉक्टरांची गाडी, पेपर क्लिअर, इंजिनला हात लावलेला नाही.’ जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या जाहिरातीत ही वाक्यं ठरलेली असतात. इतक्या पद्मिनी जर डॉक्टरांकडेच होत्या, तर बाकीचा महाराष्ट्र त्या काळी एसटीनेच फिरत असणार. फोटोत क्रीम रंगाची गाडी, चमकणारा क्रोमचा बंपर, मागे कुठल्यातरी बंगल्याचं फाटक. फोटो बघणारा माणूस साधारण पंचेचाळीस-पन्नाशीचा. त्याच्या वडिलांकडे किंवा मामाकडे अशीच गाडी होती, आणि मे महिन्यात मागच्या सीटवर पाच पोरं कोंबून केलेला कोकणचा प्रवास त्याला अजून आठवतो. त्याचं मनातून ठरलेलंच असतं. ‘घेऊ का?’ हे तो केवळ रीत म्हणून विचारतो.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाला ही गाडी घरातली वाटते याला कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटशी करार होऊन तिथे ‘११००’ तयार होऊ लागली. तिचं सुरुवातीचं गोलमटोल रूप जुनी माणसं अजूनही ‘डुक्कर फियाट’ म्हणूनच ओळखतात. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि थोड्याफार फरकाने तीच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना घेतली ती फियाटच. बारा हजारांच्या गाडीला पाच हजार कमी पडले म्हणून त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं, आणि त्यांच्या निधनानंतर ते पत्नी ललितादेवींनी फेडलं. पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबलं, पण काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती बरीच वर्षं टिकली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचाही मुक्काम संपला. पूर्वी जी गाडी सोसायटीच्या नोटिसबोर्डावर ‘धूळ खात पडलेले वाहन हटवावे’ म्हणून गाजायची, तिच्यापुढे आता लग्नाआधीचे फोटो काढून घेतात. भाव त्याच बेताने चढलेत. नव्या स्कूटरच्या किमतीतही पद्मिनी मिळते आणि नव्या छोट्या गाडीच्या किमतीलाही विकली जाते.

स्वभावाची गाडी म्हणतात ती हीच. पण हा स्वभाव फोटोत दिसत नाही, तो गाडी हाकताना कळतो. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, चार गिअर, पुढे अखंड बाकासारखी सीट. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम चाळीस अश्वशक्तीची. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, गाडी तापली की परत आत ढकलायचा, आणि कधी ढकलायचा ते तुमच्या कानाने ठरवायचं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते लागतात, पण पायात जोर हवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर हवं. हे सगळं ज्याला कटकट वाटेल त्याने इथेच थांबावं. ज्याला यात मजा वाटेल त्याने पुढचा प्रश्न विचारावा. तो प्रश्न गाडीचा नाहीच.

तो आहे मेकॅनिकचा. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी मेकॅनिक ठरवा, मग गाडी बघायला जा. आजच्या गॅरेजमधला हुशार पोरगा लॅपटॉप लावून दोष सांगतो. पद्मिनीला लॅपटॉप लावायला जागाच नाही. पॉइंटमधलं अंतर पट्टीने मोजणारा, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणारा, स्लो सेटिंग कानाने लावणारा माणूस लागतो. असे मिस्त्री अजून आहेत, पण बहुतेक साठीच्या पुढचे. त्यातल्या कित्येकांनी आयुष्य टॅक्स्या दुरुस्त करण्यात घालवलं आणि आता टॅक्स्याच नाहीत म्हणून गॅरेज मुलाच्या हाती दिलं. तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात असा एक मिस्त्री नसेल, तर गाडी कितीही सुंदर असली तरी ती पार्किंगमध्येच उभी राहणार. असेल, तर त्याला रिक्षाचे पैसे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन गाडी बघायला बरोबर न्या. तो बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकला, तर समजा माणूस बरोबर मिळाला.

सुट्या भागांबद्दल लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. इंजिनचे भाग मिळणार नाहीत अशी भीती असते, पण गास्केट, पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट हे शोधलं तर सापडतं. हजारो टॅक्स्या चालवणाऱ्या शहराने या मालाची बाजारपेठ उभी केली होती, आणि ती एका दिवसात उठत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ग्रँट रोड-ऑपेरा हाऊसचा भाग, पुण्याची नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे चिकाटीच्या माणसाला बरंच काही हाती लागतं. नाहीच मिळालं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश वळवून देणारे आहेत. अडतं ते भलत्याच ठिकाणी: दरवाज्याचे रबर, मागच्या लाइटची काच, क्रोमची पट्टी, जाळी, मीटरचा काटा. पत्रा ठोकून घेता येतो, धातू वळवून घेता येतो. काच आणि रबर मात्र कारखान्यातूनच यावं लागतं, आणि कारखाना बंद आहे. हाच निकष दुसऱ्या जुन्या गाड्यांनाही लागतो. टाटा सिएराचं डिझेल इंजिन बांधून देणारे मिळतील, पण मागच्या बाजूची ती छताकडे वळलेली मोठी काच फुटली तर मालक वर्षभर फोनच करत बसतो. कॉन्टेसाचंही तसंच. त्यामुळे पद्मिनी बघताना काचा, दिवे, पट्ट्या, हँडलं सगळं जागेवर आहे का ते आधी मोजा. इंजिन बिघडलेली पण पूर्ण गाडी ही इंजिन गोड पण अर्धी गाडी यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

आता कागद. इथे घाई केलेले लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिला गैरसमज, की पंधरा वर्षांची गाडी भंगारात काढावीच लागते. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातला: दहा वर्षांवरचं डिझेल, पंधरा वर्षांवरचं पेट्रोल. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्याचे पैसे मात्र आता चिमटा काढतात. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली, वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती त्यानंतर आणखी वाढवली गेली. शिवाय उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये. त्यावर पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा. नोंदणी बारा वर्षांपूर्वी संपलेली ‘स्वस्त’ गाडी कशी महाग पडते, हा हिशोब ज्याने त्याने कागदावर मांडून बघावा.

दुसरी गोष्ट मालकाची. आरसी बुकावर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, गाडी विकतोय नातू. नातू सज्जन असतो, चहा पाजतो, आजोबांच्या आठवणी सांगतो. पण गाडी वारसाहक्काने त्याच्या नावावर झालेली नाही, एक काका नागपूरला, आत्या अमेरिकेत, आणि दोघांची संमती लागणार. ‘आपण करून घेऊ’ या वाक्यावर पैसे देऊ नका. आधी गाडी विकणाऱ्याच्या नावावर येऊ द्या, मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडीवर कधीकाळी कर्ज होतं का तेही बघा. बँकेचं नाव आरसीवर तसंच राहिलेलं असतं आणि ती शाखा दुसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते.

तिसरी गोष्ट जुन्या नोंदीची. ‘एमएच’ मालिका १९८९ मध्ये आली. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद आरटीओच्या जाडजूड रजिस्टरांत आहे, संगणकावर असेलच असं नाही. ती चढवून घ्यावी लागते, तिला आरटीओत ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून बघणं हे काम गाडी बघायला निघण्याआधी घरबसल्या होतं. समोर गेल्यावर मग चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी आरसीशी ताडून पाहा. अनेक पद्मिनींत मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलं गेलं किंवा गॅस किट लागलं. आरसीवर त्याची नोंद नसेल तर तपासणीच्या दिवशी ते बाहेर येणारच.

आणि टॅक्सीची शंका. टॅक्सीची खासगी म्हणून विकलेली गाडी ओळखायला डोळे लागतात, यंत्र नाही. दरवाज्याचा रबर किंचित उचला, डिकीच्या अस्तराखाली, बॉनेटच्या आतल्या कडेला बघा. क्रीम रंगाखाली काळा, आणि छताच्या कडेला पिवळा दिसला, तर ‘डॉक्टरांची गाडी’ कुठल्या दवाखान्यात जात होती ते कळतं.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात. मान मोठा, पण अट अशी की ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्याला रविवारी सकाळी सहज मिसळ खायला जायचं आहे त्याने हा मान घेण्याआधी दोनदा विचार करावा.

गाडी पाहायला गेलात की रंगाकडे बघू नका. विकण्याआधी नुकताच मारलेला ताजा रंग हे मला तरी वाईट लक्षण वाटतं. त्याखाली पुट्टी किती आहे ते लोहचुंबक सांगतं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा उरलेला नाही. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार उचलते, म्हणून गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पायाखालचं मॅटिंग उचलायला लावा. स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, दरवाज्याखालची पट्टी, जॅक लावायची जागा इथे पाणी साचतं. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेतली गाडी आणि सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेतली गाडी यांत फरक पडतोच. फिकट, चट्टे पडलेली पण खालून धड असलेली सोलापूरची गाडी मी डोळे मिटून निवडेन.

इंजिन शेवटी, आणि ते थंड असतानाच. तुम्ही येणार म्हणून मालकाने आधीच चालू करून ठेवलं असेल तर चहा घ्या, दोन तास थांबा. सुरू होताना निळा धूर म्हणजे ऑइल खातंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून वाफेचा झोत आला तर रिंगा गेल्या. गाडी तापेपर्यंत चालवा. तापमानाचा काटा चढत राहिला तर सौदा तिथेच थांबवा. इंजिनाचं काम करता येतं, त्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.

आता एक नवी अडचण, जिच्याबद्दल जुन्या मिस्त्रींनाही अलीकडेच कळू लागलंय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला झोंबतं. पद्मिनीच्या पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्बोरेटरची गास्केटं ही त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेली. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीत गंज धरतो आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो. नळ्या गळत असतील आणि शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप असेल, तर पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडणं, पंपावर ओलं फडकं ठेवून बॉनेट उघडं करून उभं राहणं हे खंडाळ्याच्या घाटातलं जुनं दृश्य आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर उडतं, त्यामुळे ते दृश्य पुन्हा दिसू लागलं तर नवल नाही.

घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. मुलांना शाळेत सोडायला, रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रकच्या रांगेतून जायला ही गाडी नाही. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही, धक्का शोषून घेणारी आजच्या पद्धतीची बांधणी नाही. आठवड्यातून एकदा तरी तास-दीड तास चालवायला वेळ नसेल तरी नको. उभी राहून जितकी पद्मिनी बिघडते तितकी चालून बिघडत नाही. आणि ‘हळूहळू करून घेऊ’ म्हणून सांगाडा विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांची गाडी रस्त्यावर आलेली मी पाहिली आहे.

हे सगळं ऐकूनही घेतलीतच, तर विमा थर्ड पार्टीचा सहज मिळेल. संपूर्ण विम्यासाठी गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते, आणि बऱ्याच कंपन्या इतक्या जुन्या गाडीला हातच लावत नाहीत. पैसे हातात असतील तोवर आधी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, ब्रेकचे सिलिंडर आणि होज, मग टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. दहा-बारा वर्षांचं टायर नवं दिसलं तरी ते फेकायचं. त्यानंतर वायरिंग. रंगाचं काम पुढच्या दिवाळीनंतर काढा, तोवर घरच्यांनाही गाडीची सवय झालेली असते.