सोळा तालुके, दोन जाळी

यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा. भूगोलाच्या शिक्षकांची क्षमा मागून ते चार बाय चारच्या चौकटीत मांडू. बुद्धिबळातला हत्ती जिथून जिथे थेट जाऊ शकतो, ते तालुके जोडायचे; हे पहिले जाळे. प्रत्येकाला सहा शेजारी मिळतात. पुसद आणि वणी कुठेही मांडा, एकमेकांचे शेजारी असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी दोनच.

१९५९ मध्ये गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी हेच सगळे आकडे पाळणारे, तरीही वेगळे असे दुसरे जाळे दाखवले. त्यात चौकटीच्या उजव्या कडेतून बाहेर पडले की डावीकडून आत यायचे, वरून गेले की खालून. शेजारी कोण? डावा, उजवा, वरचा, खालचा आणि एकाच तिरक्या रेषेवरचे दोन.

त्याच वर्षी बोस आणि पार्कर यांच्यासह श्रीखंडे यांनी ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान मोडले आणि ती बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे सोळा बिंदूंचे जाळे मात्र संगणकशास्त्रज्ञांना आजही छळते.

दोन जाळी एकच आहेत का, हे ओळखायला संगणक शेजारी मोजत बिंदूंना रंग देतो. इथे सगळ्यांना एकच रंग मिळतो. बिंदूंच्या जोड्यांना रंग दिले, तरी फरक कळत नाही. बीजगणितही दगा देते: कोण कोणाचा शेजारी हे लिहिलेल्या दोन्ही सारण्यांची आयगेन मूल्ये ६, २ आणि −२, तीही सारख्याच वेळा.

मग बाहेरून बघायचे. कॅटेगरी थिअरीतले योनेदाचे प्रमेय सांगते की वस्तूकडे येणारे सगळे बाण कळले की वस्तू कळली. लोवास यांनी १९६७ मध्ये सांत जाळ्यांसाठी दाखवले की बाण नुसते मोजले तरी पुरते. बाण म्हणजे जोडलेले बिंदू जोडलेल्याच बिंदूंवर नेणारी मांडणी. परस्परांशी जोडलेल्या चार बिंदूंची चौकडी पाठवून पाहू. हत्तीच्या जाळ्यात चार ओळी आणि चार स्तंभ अशा आठ चौकड्या, प्रत्येकीत २४ क्रम, एकूण १९२ बाण. श्रीखंडेंच्या जाळ्यात शून्य, कारण तिथे सहा शेजारी षटकोन करून उभे असतात. त्यांच्यात त्रिकोणच नाही.

जोड्यांच्या रंगांना न दिसलेले चौकडीला दिसले. चौकडीत सगळे सगळ्यांशी जोडलेले, म्हणून ती फांद्या फुटत जाणाऱ्या ‘झाडासारखी’ नाही, हे त्याचे कारण. डेल, ग्रोहे आणि रत्तन यांनी २०१८ मध्ये रंगांची ताकद झाडासारख्या जाळ्यांतून येणाऱ्या बाणांच्या मोजणीत नेमकी मांडली. त्याच्या आदल्या वर्षी अब्राम्स्की, दावर आणि वांग यांनी अशाच तुलनेचा खेळ कॅटेगरी थिअरीतल्या ‘कोमोनॅड’ नावाच्या रचनेत बसवला होता.