इकडचे रस्ते, तिकडचे रस्ते : घाटात मागे कोणी सरायचं?

गोल चौकात आधी कोण, हे या आठवड्यात सांगतो म्हणालो होतो. ते राहू द्या. कळवणच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला आणि त्यांचा प्रश्न असा निघाला, की चौक सोडून थेट घाटात शिरणं आलं.

गुरुजींची लेक आणि जावई स्वित्झर्लंडला असतात. सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या अरुंद रस्त्यानं दोघं वर चढत होते, तर वरून पिवळी पोस्टाची बस आली. बसच्या ड्रायव्हरनं हात करून यांनाच गाडी मागे घ्यायला लावली. जावई घुश्शात! कारण 'चढणाऱ्याला आधी वाट' हे त्यांना नांदुरीच्या घाटात खुद्द सासऱ्यांनीच शिकवलेलं. गुरुजींनी मला विचारलं, "तिकडं नियम उलटा आहे का हो? का त्या ड्रायव्हरनं दादागिरी केली?"

दोन्ही नाही. तेच तर मजेचं आहे.

आधी आपला कायदा. केंद्राच्या रस्ता-नियमांत हे स्पष्ट आहे : रस्ता पुरेसा रुंद नसेल, तर उतरणाऱ्यानं गाडी कडेला थांबवायची आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. स्वित्झर्लंडचा कायदाही उतरणाऱ्यालाच थांबायला सांगतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये तेच, कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात तेच. डावीकडून चालवा की उजवीकडून, या बाबतीत सगळ्यांचं एकमत. कारण उतार सगळीकडे सारखाच ओढतो. भरलेली गाडी ऐन चढावर थांबली की पुन्हा उचलताना हाफ क्लचवर जीव टांगणीला लागतो, क्लच प्लेट जळाल्याचा वास आत येतो आणि गाडी वीतभर तरी मागे येतेच. शिवाय मागे सरायची वेळ आली, तर चढणाऱ्याला उतारावर मागे जावं लागतं, म्हणजे सगळी भिस्त ब्रेकवर. उतरणारा मात्र मागे सरताना चढावर चढत असतो. पाय उचलला की गाडी आपसूक मंदावते.

पण आपला नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. 'कडेला थांबा' इथं तो संपतो. कडेला जागाच नसेल तर? मागे कोणी सरायचं? त्यावर तो गप्प आहे. कायदा गप्प बसला की रिवाज बोलायला लागतो, आणि तो ऐकायचा तर नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणाऱ्या त्या दहाएक किलोमीटरच्या रस्त्यावर जावं.

तिथं वळणावर एसटी आणि भाविकांची पिकअप समोरासमोर आली, की आधी दोन्ही हॉर्न वाजतात. मग एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून नुसता पंजा हलवतो. पिकअपवाल्याला तेवढं पुरतं. मागच्या फाळक्यावरून एक पोरगा उडी मारतो, "येऊ दे… येऊ दे… डावी काट… बस्स!" करत गाडी मागे घेतो आणि न सांगता चाकामागे दगड सरकवतो. पिकअप चढत होती की उतरत होती, हे कुणी विचारत नाही. लांब गाडीला मागे घेणं अवघड, तेव्हा लहानानं सरायचं. एसटीपुढे एसटी आली तर कंडक्टर खाली उतरतो आणि ज्याच्यामागे मोकळी जागा जवळ, तो मागे जातो.

आता गंमत बघा. आपल्याकडे जो रिवाज आहे, तो स्वित्झर्लंडनं कागदावर उतरवलाय. अरुंद रस्त्यावर गाठ पडली तर हलक्या गाडीनं जड गाडीला वाट द्यायची, ट्रकनं बसला द्यायची. दोन्ही गाड्या एकाच प्रकारच्या असतील तर मोकळी जागा ज्याला जवळ, त्यानं मागे जायचं. तीव्र उतारावर मागे सरायचं काम उतरणाऱ्याचं, पण चढणारा अशा जागेच्या उघडउघड जवळ असेल तर त्याचं. नांदुरीचा पिकअपवाला परीक्षेला बसला तर या प्रश्नांत पास होईल!

आणि पोस्टाच्या बसला तर याहून मोठा मान. डोंगरातल्या ठरावीक रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असतं. त्या रस्त्यावर बसच्या ड्रायव्हरनं केलेली खूण इतरांना मानावीच लागते. त्याच रस्त्यांवर ही बस तीन सुरांचा हॉर्न वाजवते. हे सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल' या ऑपेरातले. सूर ऐकू आले की समोरच्यानं जागा बघून थांबायचं. जरा विषय सोडून सांगतो : ही पोस्टाची बस पहिल्यांदा धावली 1 जून 1906 ला, बर्नहून डेटलिगनला. आपली एसटी पुणे-नगर धावली 1 जून 1948 ला. तारीख तीच! योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

हॉर्नचं निघालंच आहे तर आणखी एक. 'परदेशात हॉर्न वाजवतच नाहीत' असं इथं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. गावात, शहरात ते बरंचसं खरं आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये वस्तीबाहेरच्या अरुंद, आंधळ्या वळणाआधी हॉर्न वाजवणं बंधनकारक आहे. रात्री त्याऐवजी दिव्याची उघडझाप. वाजवला नाही तर चूक तुमची. आपल्याकडे विनाकारण हॉर्न वाजवायला मनाई आहे, महाराष्ट्रानं तर 2015 मध्ये ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' पुसायला लावलं. फरक पडतो तो वाजवल्यानंतर. तिकडे वाजवणारा वेग कमी करूनच वळणात शिरतो. इकडे पुष्कळांना वाटतं, आपण वाजवला म्हणजे आपलं काम झालं, आता थांबायचं ते समोरच्यानं. दोघांनाही तसंच वाटलं, तर ऐन वळणावर गाठ.

म्हणून नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवून गडावर फक्त एसटी सोडतात, ते मला पटतं. त्या दिवसांत गर्दी प्रचंड, पण घाटात दोन्ही बाजूंना रोजचे, सराईत ड्रायव्हर. वाद घालायला कुणी उरतच नाही.

तेव्हा गुरुजी, तुम्ही शिकवलेलं बरोबर, बसवाल्याचंही बरोबर. जावयांना म्हणावं, शिंगाची पाटी दिसली की एसटी आली असं समजा आणि सरा मागे.

गोल चौक पुढच्या आठवड्यात नक्की. मध्ये कुणाचा फोन आला नाही तर!