खूप मीठ खाल्लेले आजोबा

'माझे आजोबा खूप म्हातारे आहेत' हे वाक्य तुम्ही निबंधात बिनधास्त लिहिता. पण आजोबा समोर बसलेले असताना ते मोठ्यानं वाचायची वेळ आली, तर जीभ जरा अडखळते की नाही? मग आपण 'वयस्कर', 'वडीलधारे', 'जुनेजाणते' असे शब्द शोधू लागतो. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेनं या कामासाठी थेट स्वयंपाकघर गाठलंय!

टांझानिया, केनिया आणि आसपासच्या देशांत ही भाषा बोलली जाते. 'स्वाहिली' हे नावच मुळी 'किनारे' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं. किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांची ये-जा होती, त्यामुळे कितीतरी अरबी शब्द या भाषेत जाऊन बसले. त्यातले काही आपल्याही ओळखीचे आहेत. आपली 'उमर' तिकडे 'उम्री' होते, 'अदब' होतो 'अदाबू' आणि 'दवा' तर 'दवा'च राहते.

आता एखादे आजोबा चांगले ऐंशीच्या घरातले आहेत, हे आदरानं सांगायचं असलं तर स्वाहिली माणूस म्हणतो, 'अमेकुला चुम्वी न्यिंगी'. 'चुम्वी' म्हणजे मीठ, 'न्यिंगी' म्हणजे पुष्कळ आणि 'अमेकुला' म्हणजे खाल्लं आहे. 'त्यांनी पुष्कळ मीठ खाल्लंय!' आजीबद्दलही हेच वाक्य चालतं, कारण स्वाहिलीत 'तो' आणि 'ती' यांना वेगळी क्रियापदं नाहीत.

मीठच का? जरा विचार करा. मीठ कुणी वाटीभर खात नाही. रोजच्या जेवणात चिमूटभर, फार तर दोन चिमटी. अशा चिमटीचिमटीनं मिठाचा मोठा ढीग पोटात जायला किती जेवणं लागतील, किती वर्षं लागतील! (डॉक्टरांनी आजोबांचं मीठ कमी केलं असेल, तर हा वाक्प्रचार त्यांना जपूनच सांगा.) आपल्याकडेही मीठ खातात, पण आपण खाल्ल्या मिठाला जागतो. म्हणजे आपल्याकडे मिठातून इमान मोजतात, तिकडे आयुष्य. वय मोजायला आपण पाऊस वापरतो. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी!' हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही? याच्या अगदी जवळची म्हण स्वाहिलीतही आहे, 'कुईशी क्विंगी नी कुओना मेंगी'. खूप जगणं म्हणजे खूप पाहणं.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो 'म्तू म्झिमा' हा शब्द. 'म्तू' म्हणजे माणूस. 'म्झिमा' म्हणजे अख्खा, धडधाकट, कुठंही न तुटलेला. मोठ्या, जाणत्या माणसाला 'अख्खा माणूस' म्हणायचं! आपण म्हणतो, वय झालं की माणूस थकतो, वाकतो, दात पडतात. इथं मात्र वय वाढून माणूस पुरा होतो. त्यावरूनच एक बोल आहे, 'उतू उझिमा दवा'. जाणतं वय हे औषध आहे. घरात भांडण पेटलं की आजीच्या एका वाक्यानं ते कसं विझतं, हे पाहिलेल्यांना यातली दवा वेगळी समजवायला नको.

वृद्ध माणसाला हाक मारायची ती 'म्झे' अशी. हा शब्द तिकडे पदवीसारखा मिरवतात. केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांना सारा देश 'म्झे' म्हणत असे. टांझानियाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष अली हसन म्विन्यी (1985 ते 1995) यांनी व्यापारावरची बंधनं सैल केली, म्हणून ते 'म्झे रुख्सा' झाले. रुख्सा म्हणजे परवानगी. 2024 साली, वयाच्या 98व्या वर्षी ते वारले, तोवर हे नाव त्यांना चिकटलेलंच होतं. आणि 'म्झे'चं अनेकवचन काय, ठाऊक आहे? 'वाझे'! तुमच्या वर्गात कुणी वाझे असेल तर त्याला आजच सांगा.

पण याच शब्दात एक काटाही आहे. स्वाहिलीत माणसांच्या नावांना बहुधा 'म' लागतो आणि वस्तूंच्या नावांना 'कि'. किती म्हणजे खुर्ची, किताबू म्हणजे पुस्तक, किसू म्हणजे सुरी. 'म्झे'चा 'म' काढून 'कि' लावला की होतं 'किझे', आणि ते ऐकणाऱ्याला हिणवल्यासारखं लागू शकतं. आपल्याकडे हेच काम एक अनुस्वार करतो. 'म्हातारा', 'म्हातारी' ही माणसं असतात. 'ते म्हातारं' म्हटलं की माणसाची वस्तू झाली. कधी कुणी मायेनंही तसं म्हणतं, नाही असं नाही. पण 'म्हातारं काय बडबडतंय' यात माया कुठली? आणि आतल्या खोलीत खाटेवर ते ऐकू जातं, बरं का. एरवी चार हाका मारल्या तरी ओ न देणाऱ्या कानांना हा शब्द पहिल्या झटक्यात पोहोचतो. पालकहो, मुलं हा अनुस्वार शाळेच्या पुस्तकातून शिकत नाहीत.

टांझानियात मुलांना लहानपणीच एक शब्द शिकवतात, 'शिकामो'. मोठं माणूस दिसलं की लहानानं म्हणायचं 'शिकामो' आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं 'मारहबा'. 'शिका' म्हणजे धरणे, आणि पूर्ण शब्दाचा अर्थ सांगतात 'तुमचे पाय धरतो'. आहे की नाही थेट आपलं 'पाया पडतो'! फरक एवढाच की तिथं वाकायला लागत नाही, नुसतं म्हटलं तरी पुरतं. शाळेत गुरुजी आले की सगळा वर्ग उभा राहून 'शिकामो म्वालिमू' म्हणतो. म्वालिमू म्हणजे शिक्षक, आणि हा शब्दही अरबीच.

गंमत अशी, की हा मान सगळ्यांनाच हवासा वाटतो असं नाही. पंचवीस-तिशीतल्या ताईला कुणी 'शिकामो' म्हटलं, तर ती पटकन म्हणते, 'अरे, मी काय एवढी मोठी दिसते का?' तिनं अजून तेवढं मीठ खाल्लेलं नसतं ना!